पोर्ट्रेटसाठी एकच प्राइम घ्यायची आहे: ३५, ५० की ८५?

अंगणवेल

नमस्कार. एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा वापरते, क्रॉप १.५ पट, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा) तेवढा लहान. लेन्स एकच, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम. फुलं, डोंगर, रस्ते असं बरंच काही काढून झालं, पण मन रमतं ते माणसांच्या चेहऱ्यांत. आजी नव्वदीला टेकली आहे. तिच्या चेहऱ्यावर जे काही आहे ते सावकाश, चांगल्या उजेडात टिपून ठेवायचं आहे. बाबांचे, मुलीचेही फोटो काढेन, पण हा सगळा खटाटोप मुळात आजीसाठी.

आजी आता फारशी बाहेर पडत नाही. तिची खोली लांबीला साधारण साडेतीन मीटर, एका बाजूला मोठी खिडकी, जिच्यातून थेट ऊन येत नाही. उजेड सुरेख असतो. पण किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफ आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं), आणि दुपार कलली की आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० च्या पुढे जातो. म्हणून प्राइम, म्हणजे झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स.

सध्या एकच घेता येईल. जिथे वाचावं तिथे '८५ म्हणजे पोर्ट्रेट लेन्स' असं लिहिलेलं असतं. मग कुणी म्हणतं, क्रॉपवर ५० लावली की ती ७५ सारखी होते, तीच घ्या. त्यावर दुसरं कुणी म्हणतं, फ्रेम ७५ ची दिसते पण चेहरा ५० सारखाच बिघडतो, नाक मोठं येतं. यातलं खरं काय? ३५ चा विचार करावा का?

आणखी एक. आजीला कॅमेरा समोर दिसला की ती ताठ होते आणि चेहऱ्यावरचं बोलणं थांबतं. लेन्स निवडताना याचाही विचार करायला हवा असं मला वाटतं.

तिपाई

८५ एफ १.८ घ्या. माझ्या क्रॉप बॉडीवर ती कायम चढवलेली असते. बागेत मुलांचे फोटो काढतो तेव्हा मागची झाडं अशी काही विरघळतात की किट लेन्सवरून आलेल्या माणसाला विश्वास बसत नाही. लांब उभं राहता येतं, त्यामुळे समोरच्यावर कॅमेऱ्याचं दडपण येत नाही. तुमच्या आजींसाठी हेच महत्त्वाचं. शिवाय फुल फ्रेमसाठी बनवलेली ८५ घेतलीत तर पुढे कॅमेरा बदलला तरी लेन्स राहते. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी आधी ५० घेतली ते सगळे नंतर ८५ कडेच वळले.

छायाप्रकाश

आधी तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

चेहऱ्याचा आकार लेन्स ठरवत नाही. तुम्ही चेहऱ्यापासून किती लांब उभ्या आहात, ते अंतर ठरवतं. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात मागेपुढे साधारण १२ सेंटीमीटरचा फरक असतो असं धरा. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल तर कान ६२ सेंमीवर आहेत, म्हणजे कानांच्या मानाने नाक जवळजवळ २४ टक्के मोठं नोंदलं जातं. दीड मीटरवर गेलात की हाच फरक ८ टक्के. तीन मीटरवर ४ टक्के. या हिशेबात फोकल लेंग्थ कुठेच नाही, सेन्सरही नाही. क्रॉप सेन्सर चित्राच्या कडा कापतो, चेहऱ्याला हात लावत नाही.

मग ५० वर नाक मोठं येतं हा समज कुठून आला? फुल फ्रेमवर ५० लावून नुसतं डोकं-खांदे फ्रेममध्ये भरायचे तर ८०-८५ सेंमीपर्यंत पुढे जावं लागतं. तिथे नाक पुढे येतंच. तुमच्या क्रॉप कॅमेऱ्यावर तीच ५० लावली तर तेवढीच फ्रेम भरायला १.३ मीटरवर थांबावं लागेल, आणि तिथे चेहरा शांत दिसतो. थोडक्यात, 'आकार ५० सारखाच बिघडतो' हे चूक आहे.

माझ्या शब्दावर राहू नका, घरीच पडताळून पाहा. कॅमेरा स्टँडवर लावा, जागा न हलवता आजींचा एक फोटो १८ वर घ्या, एक ५५ वर. १८ चा फोटो कापून ५५ च्या फ्रेमएवढा करा. दोन्ही शेजारी ठेवा. कापलेला फोटो फुटलेला दिसेल, पण नाक, गाल, कान तंतोतंत तसेच असतील.

मी फिल्मच्या काळापासून पोटापाण्यासाठी माणसांचेच फोटो काढत आलो. स्टुडिओच्या फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा असत, एक दीड मीटरवर आणि एक अडीच मीटरवर. माणूस खुर्चीवर बसला की आधी मी ठरवायचो की याला कुठल्या खुणेवरून बघायचं. नाक मोठं, चेहरा अरुंद असेल तर अडीच. गोल, सपाट चेहरा असेल तर दीड, म्हणजे चेहऱ्याला थोडा उठाव मिळतो. लेन्स त्यानंतर लागायची. लोक उलट्या क्रमाने जातात. लेन्स आधी घेतात आणि मग ती लेन्स जिथे उभं करेल तिथे उभे राहतात.

८५ ते १०५ ही परंपरा याच अंतरातून आली आहे. ३५ मिमी फिल्मवर या लेन्स लावल्या की डोकं-खांदे भरायला आपोआप १.४ ते १.७५ मीटरवर थांबावं लागतं. छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासित छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो निकॉनच्या १०५ मिमी एफ २.५ निक्कॉर लेन्सवरचा आहे. तुमच्या क्रॉप बॉडीवर १०५ चं काम ७० करते आणि ८५ चं काम ५६-५७ करते. म्हणून तर काही कंपन्या क्रॉपसाठी खास ५६ ची प्राइम बनवतात. तुमच्या सिस्टिमला ती मिळत असेल तर ५० इतकाच तिचाही विचार करा, फरक फार नाही.

आता तुमची खोली. कॅमेरा उभा धरला आहे असं समजून सांगतो. डोकं-खांद्यांची ६० सेंमी उंचीची फ्रेम भरायला ३५ ला सुमारे ०.९ मीटर लागतं, ५० ला १.३, ८५ ला २.१५. कमरेपासून वर, म्हणजे मीटरभर उंचीची फ्रेम घ्यायची तर ३५ ला दीड मीटर, ५० ला २.१, आणि ८५ ला ३.६. पूर्ण माणूस उभा हवा तर ८५ ला सव्वासात मीटर. साडेतीन मीटरच्या खोलीत आजींची खुर्ची आहे, तिच्या मागे थोडी जागा हवी, तुमच्या पाठीमागे भिंत आहे. म्हणजे ८५ घेतलीत तर त्या खोलीत तुम्हाला एकच फोटो काढता येईल, डोकं आणि खांदे. मांडीवर ठेवलेले हात कधीच येणार नाहीत. नव्वदीच्या माणसाचे हात फ्रेमबाहेर ठेवायला लावणारी लेन्स मी तरी सुचवणार नाही.

दडपणाबद्दल तिपाई म्हणतात ते बागेत खेळणाऱ्या मुलांसाठी अगदी बरोबर. पण खोलीत बसलेल्या वृद्ध माणसापासून दोन-सव्वादोन मीटर लांब गेलात तर नातीच्या जागी फोटोग्राफर दिसायला लागतो. ऐकू कमी येत असेल तर तुम्हाला मोठ्याने बोलावं लागेल, आणि मोठ्याने बोललं की समोरचा माणूस सावध होतो. सव्वा मीटरवर तुम्ही नेहमीच्या आवाजात बोलू शकता. मध्येच हात पुढे करून चष्मा सरळ करू शकता.

माझं मत ५० एफ १.८. पण घेण्याआधी आठवडाभर किट लेन्सची झूम रिंग चिकटपट्टीने ५० वर बांधा आणि तशीच वापरा. नंतर ३५ वर बांधा. उजेड कमी पडेल, ग्रेन (दाणेदारपणा) येईल, हरकत नाही. आत्ता फक्त पाय कुठे थांबतात ते बघायचं आहे. ८५ चा अंदाज घ्यायचा तर ५५ वर ठेवून २.१५ मीटरवरून काढा आणि कापा.

तिपाई

अंतराचा मुद्दा पटला, हातांचा जास्तच पटला. पण बॅकग्राउंडचं काय? आजींच्या खोलीत मागे कपाट, स्विचबोर्ड, कॅलेंडर काहीतरी असणारच. ८५ एफ १.८ ते सगळं पुसून टाकते. ५० वर ते अर्धवट दिसत राहील आणि नजर तिकडे जाईल.

छायाप्रकाश

प्रश्न रास्त आहे. मोकळ्या जागेत तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. खोलीत मात्र हिशेब बदलतो.

ब्लर किती येणार ते प्रामुख्याने लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ आकड्याने भागलं की तो व्यास मिळतो. ८५ एफ १.८ चा सुमारे ४७ मिमी, ५० एफ १.८ चा सुमारे २८ मिमी. मागचा दिवा खूप लांब असेल तर चेहऱ्याच्या मापात मोजल्यावर त्या दिव्याची चकती जवळपास या व्यासाएवढीच होते. म्हणजे ८५ वर दीड डोळ्याएवढी, ५० वर एका डोळ्याएवढी. फरक उघड दिसतो.

पण मागची भिंत जवळ असेल तर व्यासाला आणखी एका अपूर्णांकाने गुणावं लागतं: माणसापासून भिंतीचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून भिंतीचं अंतर. ८५ घेऊन तुम्ही मागे सरकता, त्यामुळे हा अपूर्णांक लहान होतो. भिंत आजींच्या मागे एक मीटरवर धरा. ५० ने १.३ मीटरवरून काढलं तर २८ ला २.३ ने भागायचं, चकती १२ मिमी. ८५ ने २.१५ वरून काढलं तर ४७ ला ३.१५ ने भागायचं, १५ मिमी. बारा आणि पंधरा. एवढ्यासाठी हात गमवायचे का?

आता खुर्ची भिंतीपासून आणखी एक मीटर पुढे ओढा, म्हणजे मागे दोन मीटर मोकळे. ५० वर चकती १७ मिमी होते. त्या खोलीत हे जेमतेम बसतं, पण बसतं. बाहेर दहा मीटर मोकळी जागा असेल तेव्हा हेच आकडे २५ आणि ३९ येतात, आणि तुमची झाडं का विरघळतात तेही त्यातच दिसतं.

स्विचबोर्ड मात्र ब्लरवर सोडू नका. कॅमेरा वीतभर डावीकडे-उजवीकडे सरकवला की तो बहुतेक वेळा डोक्यामागे लपतो.

कवडसा

मी ३५ च्या बाजूने बोलते, कारण कुणीच बोललं नाही.

आजींचा चेहरा हवा आहे हे समजलं. पण काही वर्षांनी त्या फोटोत तुम्ही काय शोधाल? मी माझ्या आजोबांचे जे फोटो पुन्हा पुन्हा उघडते त्यांत त्यांची खुर्ची आहे, टेकून ठेवलेली काठी आहे, खिडकीतल्या कुंडीपर्यंत जाणारी त्यांची नजर आहे. हे सगळं क्रॉपवरच्या ३५ चं काम. माणूस आणि त्याची जागा दोन्ही एका फ्रेममध्ये येतात, तेही साडेतीन मीटरच्या खोलीत. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने जवळजवळ सगळं काम लायका कॅमेऱ्यावरच्या ५० मिमीने केलं, आणि क्रॉपवर तीच नजर ३५ देते. १९४४ साली त्याने चित्रकार मातिसचे मातिसच्याच घरात कबुतरांसोबत फोटो काढले. तिथे नुसता चेहरा भरून घेतला असता तर कबुतरं गेली असती.

छायाप्रकाश यांचं अंतराचं गणित मला मान्य आहे, आणि त्याच गणिताने ३५ ही दीड मीटरवरून वापरली तर चेहरा जराही बिघडत नाही. फ्रेममध्ये माणूस लहान येतो, इतकंच. अट एकच: ३५ हातात असताना क्लोजअपच्या मोहाने पुढे पुढे जायचं नाही.

छायाप्रकाश

कवडसा, तुमची अट हीच अडचण आहे. चेहरा आवडला की पाय पुढे जातातच, सगळ्यांचे जातात. ५० तुम्हाला थांबवते, ३५ थांबवत नाही. पण खुर्ची-काठीचा मुद्दा मनापासून मान्य. अंगणवेलकडे किट लेन्स आहेच. ३५ वर ती एफ ४-५ च्या आसपास उघडते, आणि खोलीसकट फोटो काढताना तसंही फार उघडं अपर्चर नको असतं. सकाळच्या उजेडात किटवर ३५, चेहऱ्यासाठी ५० ची प्राइम. दोघींचंही समाधान होईल.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. चिकटपट्टीचा प्रयोग केला.

१८ आणि ५५ चे फोटो शेजारी ठेवून पाहिले. नाक खरंच तेच आहे! इतकं वाचूनही जे कळत नव्हतं ते या दोन फोटोंनी कळलं.

३५ वर बांधलेली असताना कवडसा म्हणतात तसे खोलीचे फोटो छान आले, विशेषतः आजी खिडकीकडे बघत होती तो. पण चेहऱ्यासाठी मी नकळत हाताच्या अंतरावर जात होते आणि आजी मान मागे घेत होती. ५० वर ती मान मागे घेत नव्हती. ती मला माझ्याच लहानपणची गोष्ट सांगत होती आणि मी ऐकता ऐकता काढत होते. ५५ वरून २.१५ मीटरवर गेले तेव्हा पाठ दाराला लागली. चेहरा सुंदर आला, कदाचित सगळ्यांत सुंदर. पण गोष्ट थांबली होती, कारण तिला वाटलं मी निघाले.

तेव्हा ५० घेते आहे. आता शेवटचा प्रश्न. एफ १.८ वर फोकस किती काटेकोर असतो? एक डोळा स्पष्ट आणि दुसरा अंधुक असे फोटो मी पाहिले आहेत, आजीचा तसा नको आहे. आणि सुरकुत्या दिसायला हव्यात, पुसायच्या नाहीत.

छायाप्रकाश

गोष्ट थांबली हे तुमच्या लक्षात आलं, मला फार बरं वाटलं.

फोकसचं असं आहे. डोकं-खांद्यांच्या फ्रेमला एफ १.८ वर मागेपुढे मिळून सुमारे ५ सेंमी स्पष्ट येतं. एफ २.८ वर साडेसात, एफ ४ वर साधारण अकरा. फ्रेम जेवढी घट्ट कराल तेवढं हे झपाट्याने कमी होतं. नुसता चेहरा, ३० सेंमीची फ्रेम घेतली तर एफ १.८ वर जेमतेम सव्वा सेंमी उरतो. चेहरा किंचित वळलेला असला तरी दोन डोळ्यांत तेवढा फरक पडतोच, आणि तुम्ही पाहिलेले फोटो तिथूनच आलेले असतात. हे ८५ घेऊनही टळलं नसतं. फ्रेम तीच आणि एफ तोच असेल तर स्पष्ट पट्टा जवळपास तेवढाच राहतो.

म्हणून डोकं-खांद्यांना एफ २.८ पासून सुरुवात करा, नुसत्या चेहऱ्याला एफ ४. एफ १.८ उजेड अगदीच गेल्यावर वापरा. डोळा ओळखणारा ऑटोफोकस चालू ठेवा आणि जवळचा डोळा निवडा. बसलेल्या माणसाला शटर १/१२५ पुरतं, बोलताना हात हलत असतील तर १/२५०. आयएसओ वाढला तर वाढू द्या. ग्रेन असलेला फोटो ठेवता येतो, हललेला ठेवता येत नाही.

सुरकुत्यांसाठी लेन्सपेक्षा खुर्चीची दिशा महत्त्वाची. आजींचं तोंड थेट खिडकीकडे केलंत तर उजेड सुरकुत्या भरून टाकतो. खिडकी त्यांच्या एका गालाशी येईल आणि उजेड चेहऱ्यावरून तिरका सरकेल अशी खुर्ची फिरवा. दुसरा गाल फार काळा पडला तर त्या बाजूला पांढरी चादर खुर्चीच्या पाठीवर टाका. खोलीतला दिवा बंद ठेवा. त्याचा पिवळेपणा खिडकीच्या उजेडात मिसळला की त्वचेचा रंग कशानेच सुधारत नाही.

ताठ होण्यावर एक उपाय आहे. कॅमेरा स्टँडवर, बसलेल्या आजींच्या डोळ्यांच्या उंचीला लावा. इलेक्ट्रॉनिक शटर निवडा म्हणजे आवाज होणार नाही. तो दिव्याखाली कधी कधी फोटोत पट्टे आणतो, पण दिवा बंदच असणार आहे. एकदा फ्रेम जुळवली की कॅमेऱ्यामागे लपू नका, त्याच्या शेजारी बसा आणि रिमोटने किंवा फोनवरून क्लिक करा. त्या तुमच्याकडे बघतील, म्हणून लेन्स तुमच्या खांद्याला लागेल इतकी जवळ असू द्या.

अंगणवेल

रिमोट आहे, कधी वापरलाच नव्हता. लेन्स आली की आधी खुर्ची फिरवून बघते आणि तिपाईंच्या स्विचबोर्डचंही बघते, तो खरंच आहे आजीच्या मागे.